काल दिवसभर काय केलंत?

स्थळ सांगून आलं की आमच्याकडे घर कामाला लागतं. मुलाचं शिक्षण, पगार, शेती किती, त्यातली बागायती किती, हे सगळं बायोडेटात छापलेलं असतं. पण त्यावर कुणी विसंबत नाही. कुणाचा तरी साडू त्या गावात निघतो. शेजारी, किराणावाला, मुलाच्या ऑफिसाखालचा चहावाला, अशा चार तोंडांकडून माहिती येते. दोन-दोन महिने जातात आणि कुणाला ते जास्त वाटत नाहीत. त्याच घरात दहावीचा निकाल लागला, की मुलगी पुढची पस्तीस वर्षं रोज सकाळी उठून काय करणार हे मात्र रात्रीच्या जेवणावर वीस मिनिटांत ठरतं. ‘सायन्स घे, पुढचं पुढे बघू.’ आमटी वाढली जाते आणि विषय संपतो.

या वीस मिनिटांत एक शब्द हमखास येतो : स्कोप. ‘त्याला स्कोप आहे का?’ शब्द आपल्याकडे इतका मुरलाय की तो परका वाटतच नाही. अर्थ मात्र दर वेळी वेगळा. कधी जागा किती निघतात, कधी पगार किती, कधी नुसतीच लग्नाच्या बाजारातली पत. शिवाय आपल्याला दिसतो तो स्कोप बहुतेक वेळा कालचा असतो. डीएडचं उदाहरण फार जुनं नाही. २००० नंतरच्या दशकात बारावीनंतर दोन वर्षांचं डीएड केलं की झेडपीच्या शाळेत चिकटता येतं, हे गावोगाव ठाऊक होतं. कॉलेजं भराभर निघाली. २०१२ साली राज्य सरकारनं शिक्षकभरती रोखली, २०१३ पासून टीईटी आली, आणि पदविका हातात असलेली हजारो मुलंमुली वयोमर्यादेचे महिने मोजत बसली. पुढे विद्यार्थी मिळेनात म्हणून कॉलेजंही बंद पडत गेली. या मुलांनी स्कोप बघितला नव्हता असं कोण म्हणेल? त्यांनी तेवढंच तर बघितलं होतं.

माझी भाची सांगली जिल्ह्यात राहते. दहावीची परीक्षा झाली, निकालाला महिनाभर होता, तेव्हा तिनं फोनवर विचारलं, ‘मामा, मला प्राणी आवडतात. मी व्हेटरनरीला जाऊ का?’ मागून ताईचा आवाज आला, ‘नीट द्यायचीच आहे. नंबर लागला तर एमबीबीएस, नाहीतर मग ते जनावरांचं.’ म्हणजे तिच्या घरी वीस मिनिटंसुद्धा लागणार नव्हती.

मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. ‘आवडतात’ या क्रियापदापाशीच मी अडलो होतो.

व्यवसाय मार्गदर्शन या विषयाची सुरुवात ज्याच्यापासून मानतात तो फ्रँक पार्सन्स हा अमेरिकन माणूस मला यासाठी आठवतो. तो शिकला इंजिनीअरिंग. ज्या रेल्वे कंपनीत लागला ती बुडाली, तेव्हा पोलादाच्या कारखान्यात मजुरी केली. मग शाळामास्तर झाला, मग वकील, मग कायद्याच्या पुस्तकांचा लेखक, मग प्राध्यापक. मध्येच बोस्टनच्या महापौरपदाची निवडणूकही लढवून पाहिली. वाट चुकण्याचा एवढा दांडगा अनुभव गाठीशी असलेल्या या गृहस्थानं १९०८ च्या जानेवारीत बोस्टनमध्ये तरुणांना वाट दाखवण्यासाठी ब्युरो उघडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो वारला आणि त्याचं पुस्तक १९०९ मध्ये त्याच्या पश्चात निघालं. त्याचं सांगणं साधं होतं. स्वतःला नीट ओळखा, कामाला नीट ओळखा, आणि मग दोघांचा मेळ डोकं शांत ठेवून बसवा.

ही कल्पना आपल्याकडे यायलाही फार वेळ लागला नाही. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांचा मार्गदर्शन ब्युरो सुरू झाला, १९४७ मध्ये पारसी पंचायतीचा, आणि १९५० पासून मुंबई सरकारचा स्वतःचा. मात्र पार्सन्सच्या तीन गोष्टींपैकी आपण पहिलीच उचलून धरली. मुलाची चाचणी घ्यायची, आलेख काढायचा, आईवडिलांना समोर बसवून फाइल द्यायची. आता तर ते चांगलं चालणारं दुकान झालंय. २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळाच्या दहावीच्या मुलांची सरकारी कल चाचणीही होत असे. निकालाच्या कागदावर वाणिज्य, कृषी, ललित कला, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रांची नावं येत. मुलाला तपासायला आपण शिकलो. कामाला तपासायचं मात्र राहून गेलं.

चाचण्या निरुपयोगी आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या पोटात काय असतं ते कळलं की त्यांचा उपयोगही कळतो. आवडीच्या बहुतेक चाचण्या जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाच्या सहा प्रकारांवर उभ्या असतात. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घेत असे. हजार माणसं, पण आवडीनिवडींचे साचे मोजकेच, हे त्याच्या लक्षात आलं. १९५९ मध्ये त्यानं आपला सिद्धांत मांडला. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या व्यवसायमाहितीतही आज हेच सहा प्रकार वापरले जातात. त्यांची पुस्तकी नावं पाठ करण्यापेक्षा गल्लीतलं गणपती मंडळ डोळ्यांपुढे आणा. मांडवाचे बांबू ठोकणारा आणि रोषणाईच्या वायरी ओढणारा एक असतो. त्याला हातानं करायच्या कामात गोडी. देखाव्यातलं चक्र फिरेना की मोटर उघडून ‘का फिरत नाही’ हे शोधत रात्र काढणारा दुसरा. चक्र फिरायला लागलं की त्याचा रस संपतो. मूर्तीमागचा पडदा कुठल्या रंगाचा यावरून भांडणारा तिसरा. हरवलेलं पोर कडेवर घेऊन त्याची आई शोधणारी, चक्कर आलेल्या आजींना पाणी देणारी चौथी. कापडवाल्या शेठकडून पाचशेच्या जागी पाच हजारांची वर्गणी काढून आणणारा पाचवा. आणि पावती पुस्तकाचा एकेक क्रमांक जुळवून अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्या दिवशी पै-पैचा हिशेब फळ्यावर लावणारी सहावी. कुणीही माणूस यातला एकच नसतो, दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात. तुम्ही मंडळात दर वर्षी न सांगता कुठलं काम अंगावर घेता आणि कुठल्या कामाच्या वेळी अचानक दिसेनासे होता, हे आठवलं तर अर्धी चाचणी तिथेच झाली.

उरलेल्या अर्ध्यात दोन अडचणी आहेत. पहिली ही, की चाचणी तुमची आवड विचारते आणि तुम्ही बघितलेल्या जगातूनच उत्तर देता. लेथ मशीन जिनं कधी बघितलंच नाही ती मुलगी ‘यंत्रावर काम करायला आवडेल का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण करणार. तो तिचा कल झाला नाही, तिच्या गावात वर्कशॉप नव्हतं एवढंच त्यातून कळतं. दुसरी अडचण अशी, की आवड वेगळी आणि हातोटी वेगळी. अंक, शब्द, आकृत्या, यंत्रं यांतली समज मोजणाऱ्या अभिक्षमता चाचण्या म्हणूनच वेगळ्या असतात आणि त्यांचे निकाल आवडीच्या निकालाशी जुळतीलच असं नाही. क्रिकेट बघायला आवडणं, खेळायला आवडणं आणि खेळता येणं या तीन गोष्टी आहेत हे आपल्याला टीव्हीपुढे बसून पटतं. चित्रपट, स्वयंपाक, प्रवास, प्राणी असे शब्द आले की मात्र आपण तिन्हींची गल्लत करतो.

मी भाचीला म्हटलं, ‘चार दिवस दवाखान्यात बसून बघ. मग बोलू.’

ओळखीच्या ओळखीतून तालुक्याच्या गावी सरकारी पशुसर्वचिकित्सालयातले एक डॉक्टर निघाले. त्यांनी दोन अटी घातल्या : पायात गमबूट हवेत आणि मध्ये मध्ये यायचं नाही. मी तिला एक वही दिली. दर तासाला डॉक्टर काय करतायत ते एका ओळीत लिहायचं, आणि पुढे स्वतःला काय वाटलं ते एका शब्दात.

पहिल्या दिवशी सकाळीच खोड्यात एक संकरित गाय उभी होती. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा चढवला, साबणाचं पाणी लावलं आणि हात गायीच्या गुदद्वारातून कोपराच्याही वर आत घातला. बघत होते ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. सगळी नजर बोटांत होती. अर्ध्या मिनिटानं म्हणाले, ‘तीन महिने. गाभण आहे.’ मालकाच्या तोंडावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. भाचीनं वहीत लिहिलं : ‘घाण.’ मग ते खोडून : ‘पण कसं कळतं?’

त्यानंतर कृत्रिम रेतन. स्टीलच्या कॅनचं झाकण उघडल्यावर पांढरी वाफ बाहेर आली. आत उणे १९६ अंशांवरचं द्रव नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या काडीएवढ्या नळ्या. चिमट्यानं एक नळी काढून ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची. पाणी गार असलं किंवा उशीर झाला तर शंभर किलोमीटरवरून आलेला माल फुकट. पुढच्या शेतकऱ्याला डॉक्टरांनी विचारलं, ‘माजावर कधी आली?’ तो म्हणाला, ‘आज पहाटेपासून हंबरायलीय.’ ‘मग आत्ता नको, संध्याकाळी आणा.’ सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. वेळ चुकली तर एकवीस दिवस थांबायचं, आणि तेवढ्या दिवसांचा चारा फुकट जाणार तो मालकाचा.

दुपारी काय झालं? दुपारी डॉक्टर लिहीत होते. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक मोबाइलमध्ये भरायचा, तोच नोंदवहीत. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचायची, तिचा गाववार तक्ता. लशीचा साठा, शीतपेटी, वरून फोन. भाचीनं संध्याकाळी हिशेब काढला. सहा तासांपैकी जनावरांच्या अंगाला हात लागला तो जेमतेम दोन तास. बाकी वेळ माणसं आणि कागद.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचे डोळे लाल होते. रात्री अकराला अडलेल्या म्हशीसाठी वाडीवर जावं लागलं होतं. म्हैस वाचली, रेडकू गेलं. त्याच दुपारी एक म्हातारा शेळी घेऊन आला. औषधाची चिठ्ठी बघून गप्प बसला. डॉक्टरांनी ती चिठ्ठी परत घेऊन दुसरी, स्वस्त औषधाची लिहिली. नंतर भाचीला म्हणाले, ‘जनावर बोलत नाही, मालकही बोलत नाही. दोघांची नाडी बघावी लागते.’ त्या दिवसभरात कुत्रा एकच आला. ज्या मुलीनं ‘प्राणी आवडतात’ म्हटलं होतं तिच्या डोळ्यांपुढे तोवर मुख्यतः कुत्रेच होते.

तिसऱ्या दिवशी तापानं फणफणलेली एक जर्सी आली. अंगावर गोचिड्या. डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, दुसऱ्या पट्टीच्या कडेनं तो एका झटक्यात पुढे ओढला. थेंबाचा जिभेच्या आकाराचा पातळ थर तयार झाला. वाळवून, रंग घालून, धुऊन पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. ‘बघ,’ म्हणाले. तांबड्या पेशींच्या आत जांभळट टिंबं आणि बारीक अंगठ्या. गोचीड ताप. भाची त्या नळीपाशी पंधरा मिनिटं वाकून उभी होती. बाहेर तीन गाड्या आल्या तरी तिनं मान वर केली नाही. त्या तासाच्या ओळीपुढे वहीत एकही शब्द नव्हता. लिहायचंच राहून गेलं होतं.

मला त्या वहीतली सगळ्यात मोलाची नोंद ती रिकामी जागा वाटते. कुठल्या कामात आपण घड्याळ विसरतो ते प्रश्नपत्रिकेतून कळत नाही, तिथे उभं राहिल्यावर कळतं. त्याच्या जोडीनं मी आणखी एक गोष्ट बघायला सांगतो : कंटाळा. प्रत्येक कामात कंटाळ्याचा मोठा वाटा असतोच. वकिलाला तारखा असतात, आर्किटेक्टला मंजुऱ्यांच्या फायली, पत्रकाराला ताटकळणं, प्रोग्रॅमरला दुसऱ्यानं लिहून ठेवलेल्या कोडमधल्या चुका. कुठला कंटाळा आपल्याला सोसवतो हे कळलं तर निवड बरीच सोपी होते. भाचीला बारा आकडी क्रमांक भरायचा वैताग आला नाही, उलट चुकलेला आकडा तिनंच पकडला. मालकांशी बोलताना मात्र ती पहिल्यापासून शेवटपर्यंत भिंतीला चिकटून होती.

चौथ्या दिवसानंतर आम्ही तिच्या अंगणात बसलो. आता प्रश्न ‘व्हेटरनरी की नाही’ एवढा उरला नव्हता, कारण ‘प्राणी’ या एका शब्दातून दहा वाटा फुटलेल्या दिसत होत्या. अशा वेळी भारत सरकारचं एक रुक्ष दिसणारं प्रकाशन फार कामी येतं : राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण, २०१५ ची आवृत्ती. त्यात देशातल्या सुमारे ३,६०० व्यवसायांची, प्रत्येकात माणूस नेमकं काय करतो याच्या वर्णनासह, आठ आकडी क्रमांकांनी मांडणी केलेली आहे. पहिला आकडा कामाची पातळी सांगतो. पशुवैद्य २२५० या कुळात. २ म्हणजे पदवी लागणारे व्यावसायिक. त्यांचे तंत्रज्ञ आणि सहायक ३२४० मध्ये. पुस्तक कुठलंही पान उघडून वाचावं. कादंबरीची मजा नाही, पण शेजारपाजार कळतो. आपण ज्या दारावर धडका मारत असतो त्याच्या डाव्या-उजव्या हाताला उघडी दारं असतात, ती अशा यादीत दिसतात.

भाचीच्या बाबतीत आम्ही जे शेजार काढले ते असे. पशुवैद्यक पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, प्रवेश नीटमधून, नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे महाविद्यालयं, त्यातलं मुंबईचं १८८६ पासूनचं. पदवीनंतर नोंदणी झाली तरच स्वतंत्रपणे उपचार करता येतात, हा १९८४ च्या कायद्याचा नियम. एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं. शहरात पाळीव प्राण्यांचा दवाखाना टाकता येतो. विकृतिशास्त्र, परजीवीशास्त्र, लस बनवणाऱ्या संस्था, पशुखाद्य आणि औषध कंपन्या, वन्यजीवांचं काम, हेही त्याच पदवीच्या अंगणात येतं. हॉलंडच्या सहापैकी पाच प्रकार तरी या एका पदवीत सामावतात : शस्त्रक्रिया करणारा, रोगाचं मूळ शोधणारा, शेतकऱ्यांच्या सभा घेणारा, औषधं विकणारा, आकडेवारी राखणारा. म्हणून एका चाचणीवरून ‘तू पशुवैद्य हो’ म्हणणं अर्धवटच राहतं. कसला पशुवैद्य, हे कोण सांगणार? पदवी न घेताही त्या सूक्ष्मदर्शकापर्यंत जाता येतं : सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्रयोगशाळा तंत्रज्ञान. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५३ कोटींहून जास्त पशुधन मोजलं गेलं. एवढ्या जनावरांचं रक्त कुणीतरी तपासणारच.

इथवर सगळं गोड आहे. आता दारातले पहारेकरी. आवड आणि हातोटी जुळूनही काही दारं नियमांनीच बंद असतात आणि ते फार उशिरा कळतं. रेल्वे इंजिन चालवायचं स्वप्न लहानपणापासून बघणाऱ्या मुलानं आयटीआय करायच्या आधी रंगांधळेपणाची तपासणी करून घ्यावी. सहायक लोको पायलटसाठी दृष्टीची अट रेल्वेत सगळ्यात कडक असते आणि ठिपक्यांतला आकडा वाचता आला नाही तर लेखी परीक्षेतले गुण कामाचे नाहीत. अकरावीत ‘ओझं कमी होईल’ म्हणून गणित सोडलेल्या मुलीला दोन वर्षांनी कळतं की आर्किटेक्चरला गणित लागतंच. दहा मिनिटांत अधिकृत माहितीपत्रक वाचून जे कळलं असतं त्यासाठी वर्षं जातात. क्लासच्या जाहिरातीत हे छापलेलं नसतं; तिथे फक्त टॉपरचे फोटो.

आणि शक्यतांचा हिशेब. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांहून जास्त अर्ज आले, सहा लाखांच्या आसपास उमेदवार पूर्वपरीक्षेला बसले, शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांतून फिरताना हा आकडा खुर्च्यांवर बसलेला दिसतो. त्या मुलांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण ‘तुमचं दुसरं काय ठरलंय?’ या प्रश्नाला तिथे अपशकुनासारखी वागणूक मिळते हे बरोबर वाटत नाही. कितव्या प्रयत्नानंतर उठायचं ते खुर्चीत बसण्याआधी कागदावर लिहावं आणि तो कागद मित्राकडे ठेवावा. नीटचंही तेच : २०२४ मध्ये २४ लाखांवर नोंदणी, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. उरलेल्यांतले पुष्कळ जण ‘हे नाही तर ते’ करत अशा वर्गात येऊन बसतात, जिथलं काम त्यांनी एक दिवसही पाहिलेलं नसतं. माझ्या ताईचं वाक्य मला म्हणूनच टोचलं होतं.

चौकशी कुणाकडे करायची? मी तीन माणसं शोधायला सांगतो. एक, त्या कामात दोन वर्षं झालेला. त्याला पहिला पगार, भाड्याची खोली आणि साहेबाचा आवाज ताजा आठवतो. दुसरा, पंधरा वर्षं झालेला. वाट पुढे कुठे वळते ते तो सांगेल. तिसरा, ते काम सोडून गेलेला. त्याला कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात स्पष्ट तोच बोलतो. घटस्फोटित सुनेकडून सासरची माहिती काढल्यासारखं आहे हे. थोडं कडवट असणार, त्यातलं मीठ आपण वेगळं काढायचं. एरवी लिंक्डइनवर सगळेच सुखी असतात.

विचारायचं काय, हे त्याहून महत्त्वाचं. ‘या क्षेत्राला भवितव्य आहे का?’ असं विचारलं की माणूस भाषण करतो. ‘तुम्हाला काम आवडतं का?’ म्हटलं तर शिष्टाचारानं ‘हो’ म्हणतो. म्हणून मी एकच प्रश्न शिकवतो : ‘काल दिवसभर काय केलंत?’ आदर्श दिवस नको, कालचा सांगा. त्याला जोडून हवं तर दोन : गेल्या महिन्यात कुठल्या कामाची टाळाटाळ केलीत, आणि सुरुवातीच्या दोन वर्षांत हातात किती पडत होतं. पगाराचा प्रश्न विचारायला आपण लाजतो. स्थळाच्या बाबतीत लाजत नाही.

ताईशी मी या सगळ्यावर बोललो. ती म्हणाली, ‘एवढं कशाला? आमच्या वेळी कोण गेलं होतं बघायला?’ खरंय. ताईला चित्रकला येत होती. तिनं बीकॉम केलं, कारण कॉलेज एसटी स्टँडजवळ होतं. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. ती माझ्याकडे बघून थोडा वेळ गप्प बसली, बहुधा तिलाही तेच आठवलं असावं.

भाचीनं अकरावीला विज्ञान घेतलं. जीवशास्त्र ठेवलं आणि गणितही सोडलं नाही, निदान दोन वर्षं दोन्ही दारं उघडी. नीटची तयारी चालू आहे. पण यादीत आता सूक्ष्मजीवशास्त्राची दोन कॉलेजंही तिनं स्वतः लिहून घेतली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ती कोल्हापुरातल्या एका रोगनिदान प्रयोगशाळेत तीन दिवस बसली. पहिल्याच सकाळी पांढरा कोट घातलेल्या बाईंना तिनं विचारलं, ‘मॅडम, काल दिवसभर काय केलंत?’

बाई हसल्या. म्हणाल्या, ‘काल? काल सकाळी फ्रीजचं तापमान लिहिलं, मग दोन तास एका पेशंटच्या मुलाला रिपोर्टला उशीर का झाला ते समजावत होते. सूक्ष्मदर्शकाशी गेले ती चार वाजता.’

भाचीनं ते तसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं आणि पुढे एका शब्दासाठी जागा सोडली.